स्मरणशक्ती आणि तिचा शेजार

(मंडळाच्या वर्धापनदिनी बोनकोडे येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिन म्हणजे मंडळाच्या घरचे कार्य. अशा दिवशी पाहुणीने लांबलचक व्याख्यान झोडावे हे बरे नव्हे, आणि मागच्या बाजूला चहाची भांडी वाजू लागली आहेत, ती मलाही ऐकू येतात. तेव्हा थोडक्यातच बोलेन.

चिटणीसबाई मला बोलवायला आल्या तेव्हा मी विचारले, "विषय कोणता घेऊ?" त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही आधी शाळेत शिकवलेत, मग अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवलेत. आमच्या बायकांचा एकच प्रश्न असतो. मूल अभ्यास करते, पण ध्यानात काही राहत नाही. ह्यावर काही औषध असेल तर सांगा." मी त्यांना म्हटले, औषध नाही, पण दुखणे कुठे आहे ते पुष्कळदा आपण चुकीच्या जागी शोधतो, एवढे सांगता येईल. आजचे भाषण त्या एवढ्याशा गोष्टीवर आहे.

आरंभी माझीच एक चूक सांगते. दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आपले माप पदरात घ्यावे हे बरे.

१९९६ साली मी इकडच्याच एका शाळेत सहावीचा वर्ग शिकवीत होते. वर्गात गावातली एक मुलगी होती. अंगाने बारीक, बोलायला भिडस्त, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. एके दिवशी मी तिला उभी करून महाराष्ट्रातल्या नद्या आणि त्यांची उगमस्थाने विचारली. आदल्या दिवशी पाठ करायला सांगितलीच होती. ती उभी राहिली, ओठ हलवले आणि गप्प झाली. मी पुन्हा विचारले. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. "तुझ्या डोक्यात काही राहतच नाही का ग?" असे मी सर्वांदेखत म्हणाले. वर्ग हसला. मी तिला तास संपेपर्यंत दाराशी उभी केली. त्यानंतर हे दोनतीनदा झाले आणि पुढे मी तिला विचारणेच सोडून दिले. शिक्षकांच्या खोलीत मी तिच्याविषयी म्हणत असे, "पोरगी वाईट नाही, पण स्मरणशक्तीच नाही."

ध्यानात घ्या, त्या वेळी मी मानसशास्त्राची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली होते. स्मृतीचे प्रकरण मला तोंडपाठ होते.

आता ह्या शास्त्राविषयी थोडे. मनाचा अभ्यास प्रयोगशाळेत करावा ह्या विचाराने विल्हेल्म वुंट ह्या जर्मन पंडिताने १८७९ साली लायप्झिग येथे प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मानसशास्त्र स्वत:च्या पायांवर उभे राहिले असे मानतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग झाला. पुण्याच्या विद्यापीठात १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि प्राध्यापक कोठुरकरांनी तो नावारूपाला आणला. ह्या विषयाचे पहिल्या वर्षाचे कोणतेही पुस्तक उघडा, त्यात प्रकरणे असतात: संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृती, भावना, प्रेरणा, विचार, व्यक्तिमत्त्व. विद्यार्थी एकेक प्रकरण वाचतो, त्यावर प्रश्न सोडवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आधीचे प्रकरण संपले असे त्याला वाटते.

पण भगिनींनो, मन असे विभागलेले नसते. १९७० मध्ये सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि आपल्या भातखाचरांवर सेक्टर पडले. सेक्टर एक, सेक्टर दोन, मध्ये रस्ता, प्रत्येक भूखंडाला नंबर. पुस्तकातली प्रकरणे ही अशी सेक्टरासारखी असतात. शोधायला सोपी, शिकवायला सोपी. मन मात्र आपल्या गावठाणासारखे आहे. भिंतीला भिंत लागलेली, एकीच्या पडवीतून दुसरीच्या अंगणात वाट गेलेली, एका चुलीवर फोडणी पडली की चार घरांत ठसका लागणार. स्मृतीच्या घरात आज काही शिजले नाही, तर आधी शेजारी जाऊन पाहावे लागते. पाणी तिथेच अडलेले असते. मी त्या मुलीच्या बाबतीत फक्त स्मृतीचे दार ठोठावीत बसले आणि आत कोणी राहत नाही असे जाहीर करून मोकळी झाले.

आपण आता शेजारची दारे एकेक करून पाहू.

पहिला शेजार अवधानाचा. अवधान म्हणजे लक्ष. जे आत आलेच नाही ते आठवणार कुठून? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री ह्या दोघांनी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तीत काही जण चेंडू एकमेकांकडे टाकीत आहेत. पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांनी चेंडू किती वेळा टाकला ते मोजा, असे सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेले एक माणूस खेळणाऱ्यांच्या मधून चालत गेले, थांबून छाती बडवून गेले. पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ते दिसलेच नाही. डोळे उघडे होते, समोरच बघत होते; पण लक्ष मोजण्यात होते.

आपले मूल पुस्तक उघडून बसलेले असते. शेजारी टीव्ही लागलेला, उशाशी मोबाइल, आतल्या खोलीत वडीलधाऱ्यांचा वाद चाललेला. डोळे पुस्तकावर असतात म्हणून आपण समजतो अभ्यास चालला आहे. शिवाय मनाची ओंजळही लहान असते. जॉर्ज मिलर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये दाखवले की एका वेळी सुटी सुटी अशी सुमारे सातच गोष्टी माणूस धरून ठेवू शकतो, दोन इकडे किंवा दोन तिकडे. आणि नंतरच्या संशोधकांनी तर ही संख्या ह्याहूनही कमी धरली आहे. त्या ओंजळीत घरातल्या भांडणाची काळजी भरलेली असली तर नद्यांना जागा किती उरणार?

दुसरा शेजार अर्थाचा, म्हणजे विचाराचा. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन गृहस्थाने १८८५ मध्ये स्मृतीवरचे पहिले मोठे प्रयोग प्रसिद्ध केले. ते त्याने स्वत:वरच केले. काहीही अर्थ नसलेली अक्षरे जोडून त्याने याद्या केल्या, त्या पाठ केल्या आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजले. एक दिवस लोटला की पहिल्या श्रमांपैकी सुमारे एक तृतीयांशच वाचत. पण त्यानेच एका इंग्रजी काव्यातली कडवी पाठ करून पाहिली, तेव्हा त्यांना निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रम पुरले. अर्थ आला, ताल आला आणि ओझे इतके हलके झाले.

बुद्धिबळाच्या खेळाडूंवरचा १९७३ मधला चेस आणि सायमन ह्यांचा प्रयोगही असाच बोलका आहे. मांडलेला पट पाच सेकंद दाखवून झाकला. खऱ्या डावातली मांडणी असेल तर पटाईत खेळाडू पुष्कळ मोहरी बिनचूक मांडी आणि नवशिक्याला चारदोनच जमत. पण मोहरी वाटेल तशी विस्कटून मांडली, तेव्हा पटाईताचे आणि नवशिक्याचे काम जवळजवळ सारखेच झाले. त्या पटाईताची स्मरणशक्ती सगळ्याच बाबतींत अचाट होती असे नव्हे. त्याला डाव समजत होता, म्हणून लक्षात राहत होता.

आता मी तुम्हांला पुन्हा त्या मुलीकडे नेते.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत गावातल्या एका लग्नाचे मला आमंत्रण होते. हळदीच्या दिवशी मी गेले. मांडवात धवलारीण बसली होती. इथल्या आया-आज्यांना धवलारीण कोण हे सांगायला नको. पण सेक्टरांत राहायला आलेल्या माझ्यासारख्या बाहेरगावच्या बायकांसाठी सांगते. आगरी समाजात लग्नाच्या विधींची गाणी म्हणणारी ती धवलारीण आणि तिची गाणी ते धवले. हळद असो, मांडव असो, जसा विधी पुढे सरकतो तसे गाणे पुढे सरकते. ही गाणी एका बाईने दुसरीकडून, बहुधा आईने, आजीने किंवा सासूने दिलेली असतात. जुन्या धवलारणींपैकी पुष्कळींना अक्षरओळखही नव्हती.

त्या मांडवातली धवलारीण होती माझ्या वर्गातल्या त्या मुलीची आजी. आणि आजीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, ओळीमागून ओळ ओढणारी मुलगी होती तीच, जिच्या डोक्यात काही राहत नाही असे मी सांगत फिरत होते. तासाभरात ती एकदाही अडली नाही. नवरीचे नाव, मामाचे नाव, आत्याचे नाव जिथे यायचे तिथे तिने बिनचूक घातले. एकदा आजीला खोकला आला, तर पुढची ओळ तिने एकटीने उचलली.

मला घाम फुटला. मी वर्गात जी यादी विचारली होती ती पंधरावीस नावांची. इथे ही मुलगी शेकडो ओळी घेऊन बसली होती.

घरी येऊन मी विचार करू लागले, तेव्हा पुस्तकातली सगळी प्रकरणे मला त्या मांडवात एकत्र दिसू लागली. मुलगी लहानपणापासून आजीच्या तोंडाकडे बघत शिकली होती, ते अध्ययन. त्यात कोणी तिला परीक्षेला उभे केले नव्हते. बघून आणि अनुकरण करून मूल किती शिकते, हे आल्बर्ट बांडुरा ह्याच्या प्रयोगांनी १९६१ पासून पुढे जगाला दाखवले. आपल्या बायका भाकरी थापायला दुसऱ्या कशाने शिकल्या? आजूबाजूला वाजंत्री असूनही तिचे कान आजीच्या सुरावर होते, ते अवधान. ओळीला ताल होता, प्रत्येक ओळ मागचीच ओळ थोडी बदलून पुढे नेत होती आणि समोर चाललेला विधीच पुढच्या ओळीची आठवण करून देत होता. तो अर्थ आणि ती खूण. चार बायका कौतुकाने बघत होत्या, आजीचा हात पाठीवर होता, ती भावना. आणि मोठी झाल्यावर आपण धवलारीण व्हावे अशी तिची हौस होती, ती प्रेरणा. एवढे शेजारी मदतीला धावले तर स्मृतीच्या घरी कार्य का नाही पार पडणार? माझ्या वर्गात ह्यांपैकी एकही शेजारी तिच्या मदतीला आला नव्हता. उलट एक शेजारी आडवा पडला होता. तो म्हणजे भीती.

भीतीच्या बाबतीत आपण बायका दोन्हीकडून बोलतो. "थोडी भीती हवीच, त्याशिवाय मूल बसत नाही," असेही म्हणतो. ह्यात तथ्य अगदीच नाही असे नाही. यर्क्स आणि डॉडसन ह्या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केला. चुकीच्या वाटेने गेले की उंदरांना विजेचा झटका बसे. सोपे काम शिकायचे असेल तर झटका जोराचा असला की ते लवकर शिकत. पण काम कठीण असेल तर बेताच्या झटक्याने शिकत, आणि झटका फार जोराचा झाला की शिकणे उलट मंदावे. माणसाचे मूल म्हणजे उंदीर नव्हे. पण आपला अनुभव हेच सांगतो. "कपडे उचल" हे ओरडून करून घेता येते. त्रैराशिक ओरडून शिकवता येत नाही. भीती वाटली की मुलाचे सगळे लक्ष भीतीकडेच लागते: आता बाई काय म्हणतील, आई मारील का, वर्ग हसेल का. ओंजळ तिथेच भरते. आत असलेलेही बाहेर येत नाही. मग आपण म्हणतो, बघा, ध्यानात नाही. मग अधिक ओरडतो. चक्र सुरू होते.

लग्नाच्या त्याच मांडवात मी आजीला म्हणाले, "आजी, नात फार छान गाते हो." आजीने माझ्याकडे नीट पाहिले. मी कोण ते तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "बाय, पोरीचा डोका चांगला हाय. तुमी भेव दाखवता, म्हनून सगला इसरते." माझ्या सगळ्या पदव्या त्या एका वाक्यापुढे फिक्या पडल्या. अवधान, भावना आणि स्मृती ह्यांचा संबंध तिने एका दमात सांगितला होता. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने.

आणखी एक शेजार राहिला, तो प्रेरणेचा. मुलांना आमिष दाखवून अभ्यासाला बसवावे काय, असे पुष्कळ आया विचारतात. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत पाहिले. ज्या मुलांना चित्रे काढायची आपसूक आवड होती, त्यांतल्या काहींना "चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र देऊ" असे आधी सांगून दिले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुले बाकीच्यांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. जी गोष्ट हौसेची होती ती मजुरीची झाली. शाबासकी द्यावी, कौतुक करावे. पण मुलाला जे मुळातच आवडते त्याची किंमत ठरवायला जाऊ नये.

ह्या प्रेरणेचा खरा अर्थ आपल्याच जिल्ह्यातल्या दोन स्त्रियांनी कृतीने दाखवला. तेव्हाचा ठाणे जिल्हा. आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. "ह्यांना शिक्षणाची आवडच नाही," असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. त्या दोघींनी तसे केले नाही. मूल येत नाही तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यावी, असे ठरवून त्यांनी अंगणवाडी काढली. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम गेले. तिथली आदिवासी मुले दिवसभर गुरे राखीत, म्हणून शाळा कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मुलाचे काम सुटत नाही, ओळखीची जागा सुटत नाही, भीती वाटत नाही, आणि समोरच्या दगडा-पानांतून मोजणे शिकता येते. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर गेले. आज आपल्या वस्तीतली मुलेही अंगणवाडीत जातात. त्या नावामागे मुलाच्या मनाचा शेजार ओळखणाऱ्या दोन बायका आहेत, हे आपण विसरू नये.

आता घरी करण्यासारख्या दोनचार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट झोपेची. परीक्षा आली की आपण मुलाला रात्री दीड-दोनपर्यंत जागवतो. १९२४ मध्येच जेंकिन्स आणि डॅलेनबाख ह्यांनी दाखवले की पाठ केल्यानंतर झोप काढली तर तितकेच तास जागे राहिल्यापेक्षा अधिक लक्षात राहते. त्यानंतरच्या संशोधनानेही झोपेचे महत्त्व वाढवलेच आहे. झोप म्हणजे अभ्यासाची चोरी नव्हे. मुलाला वेळेवर झोपू द्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मूल तोच धडा चारचार वेळा वाचते आणि त्याला वाटते आपल्याला आला. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून, कागद बाजूला ठेवून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवण्याचा प्रयत्न केला की आठवण पक्की होते.

ह्यात आपल्याला काय करता येईल? पुस्तक मिटायचे आणि मुलाला म्हणायचे, "आता मला सांग, काय वाचलेस?" ह्याला आई शिकलेली लागत नाही. इंग्रजी माध्यमाचे पुस्तक आपल्याला वाचता येत नाही म्हणून कितीतरी आया संकोचतात आणि शिकवणीचे पैसे भरून बाजूला होतात. भगिनींनो, बाजूला होऊ नका. भाजी निवडताना मुलाला समोर बसवा. त्याने मराठीत, आगरीत, हिंदीत, जमेल तसे सांगावे. तुम्हांला समजले नाही तर विचारा, "म्हणजे काय रे?" तो समजावू लागला की अर्थ जुळतो. तुम्ही ऐकता म्हणून त्याचे लक्ष टिकते. तुम्ही हसत नाही म्हणून भीती जाते. आईला आपल्याकडून काही कळले ह्याची त्याला ऐट वाटते. एका प्रश्नाने तुम्ही चार शेजाऱ्यांना एका वेळी हाक मारता. घरात आजी असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावे; ऐकायला वेळ आणि धीर दोन्ही त्यांच्याकडेच असतात.

तिसरी गोष्ट, आज विचारले ते उद्या थोडे, आठवड्याने थोडे, असे विचारावे. एका रात्रीत घोटलेले एका रात्रीत जाते.

एक इशाराही दिला पाहिजे. सगळेच प्रश्न घरच्या वागण्याने सुटत नाहीत. मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल, किंवा चांगले बोलणारे हुशार मूल अक्षरांपाशीच सतत अडखळत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. डोळे-कान तपासून घ्या, जाणकारांना दाखवा. तसेच घरातले वडीलधारे माणूस रोजच्या वाटा आणि नावे विसरू लागले तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

शेवटी त्या मुलीचे काय झाले ते सांगते, कारण तुमच्या मनात ते राहिले असेल. गोष्टीत शेवट गोड करतात. इथे तसा करता येत नाही. सुटीनंतर मी माझी रीत बदलली. वर्गात नद्यांची गाणी केली, एकेकीला उभे करणे सोडले, जोडीजोडीने विचारू लागले. ती मुलगी सातवीत थोडी बोलू लागली. एकदा गोदावरीचा उगम तिने हात वर करून सांगितला आणि मी वर्गासमोर तिला म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुला चुकीचे बोलले होते." ती नुसती हसली. पण आठवीनंतर तिची शाळा सुटली. कारणे अनेक होती. घरची होती, पैशाची होती. तरी त्यांतले एक कारण मीही होते, असे मला आजही वाटते. सहावीच्या वर्षात "तुझ्या डोक्यात काही राहत नाही" हे तिने ऐकले, आणि तेवढे मात्र तिच्या डोक्यात राहिले असेल.

मुले आपले धडे विसरतात. आपण त्यांच्याविषयी उच्चारलेले शब्द विसरत नाहीत. म्हणून उद्या घरी मूल अडले, तर "ह्याला स्मरणशक्तीच नाही" असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि शेजारी डोकावून पाहा. झोप झाली आहे का? लक्ष कुठे आहे? अर्थ कळला आहे का? हौस आहे का? आणि मुख्य म्हणजे, ते कोणाला घाबरले आहे का? ते कोणीतरी आपणच असण्याचा संभव असतो, हेही मनाशी कबूल करावे.

 मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढच्या वर्षी ह्या व्यासपीठावर एखाद्या आजींना धवले म्हणायला बोलवावे, एवढी एक विनंती करून मी आपली रजा घेते.